लेणं कुणासाठी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या खेपेला ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच घोर आहे: दागिना घ्यायचाय, पण नुसता महागाचा नको, त्यात काही अर्थ हवा. तो अर्थ तुमच्या घरातला, तो आम्ही सांगणारे कोण? पण ज्या सोन्यात, चांदीत, मोत्यात तो उतरवायचा, त्याबद्दल बोलता येईल. उत्तरांत जिथे पैशांचा हिशेब आहे तिथे सोयीसाठी २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरलाय. खरेदीच्या दिवशीचा दर घालून आकडे पुन्हा करून बघा.

आजीची बोरमाळ आईकडे आली. आम्ही तिघी बहिणी. माळ मोडून तीन अंगठ्या कराव्यात असं चाललं होतं. काट्यावर ती २३ ग्रॅम भरली, पण सराफ म्हणाले, सोनं पंधराच्या आसपास निघेल. आठ ग्रॅम गेले कुठे? ४१ मणी आहेत, मोजून घेतलेत. — नौपाडा, ठाणे

आठ ग्रॅम बहुधा लाखेत आहेत. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि आतून पोकळ असतात. ते चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. तुमच्या मण्याचा व्यास ७ मिलिमीटरच्या आसपास असेल तर एका मण्यात सुमारे ०.१८ घनसेंटीमीटर जागा होते. लाख पाण्याहून थोडीशीच जड, म्हणजे मण्यामागे साधारण ०.२ ग्रॅम. ४१ मण्यांची लाख झाली आठ ग्रॅम. तेव्हा सराफांनी सांगितलेला आकडा फसवणुकीचा वाटत नाही.

शुद्धतेचं वेगळं. कॅरेट मोजायचं मशीन सोन्याचा फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर वाचतं. जुन्या माळेला मधे कुणी मुलामा दिला असेल तर ते चढा आकडा दाखवेल, आणि नेम नेमका झाळेच्या, म्हणजे जोडकामाच्या, सांध्यावर लागला तर उतरता. खरा टंच, म्हणजे शुद्धतेचा आकडा, वितळवल्यावरच कळतो. जुन्या कामात झाळेत तांबं-पितळ असायचं, त्यामुळे आजीने २२ कॅरेट म्हणून घेतलेली माळ वितळल्यावर ८८ टक्के निघाली तर आश्चर्य मानू नका. वितळवून निघालेली १५ ग्रॅमची लगड ८८ टक्क्यांची असेल तर त्यात शुद्ध सोनं १३.२ ग्रॅम, म्हणजे आजच्या २२ कॅरेटच्या हिशेबाने १४.४ ग्रॅम. त्यात तीन अंगठ्या, वर तिन्हींची मजुरी.

आमचं मत विचारलंत तर मोडू नका. ४१ मण्यांचे तीन वाटे पाडा: प्रत्येकीला १३, उरले दोन, ते आईच्या कानात. १३ मणी एका ओळीत सव्वानऊ-साडेनऊ सेंटिमीटर भरतात. बारीक सोनसाखळीच्या मधोमध ते छान बसतात, आणि आजीच्या माळेतले आहेत हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

काम मात्र जपून करून घ्यायला हवं. मण्याला कुठेही आच लागता कामा नये. लाख साध्या उकळत्या पाण्यातही मऊ पडते. झाळायची ज्योत लागली तर ती आत उकळते आणि मणी शिवणीवर फुटतो. म्हणून मण्यावर कडी झाळून घ्यायची नाही, मूळच्या भोकातूनच तार किंवा रेशीम ओवायचं. इतक्या वर्षांत भोकांच्या कडा झिजून धारदार झालेल्या असतात, त्या दोरा कापतात. गाठवणाऱ्याला प्रत्येक दोन मण्यांमध्ये गाठ किंवा बारका भरीव मणी घालायला सांगा, म्हणजे पत्रा पत्र्यावर घासणार नाही. पोचा आलेला मणी तसाच राहू द्या. आत लाख असताना तो बाहेरून काढता येत नाही, आणि लाख काढून पुन्हा भरणारे हात आता थोडे उरलेत. कानातल्या दोन मण्यांना फिरकीची दांडी झाळून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तारेवर लोंबते करून घ्या. माळ गाठवायला देण्याआधी मणी मोजा, फोटो काढा, वजन पावतीवर लिहून घ्या आणि परत घेताना तिन्ही पुन्हा ताडून बघा.

मोडायचीच ठरली, तर मूस तुमच्या समोर तापली पाहिजे. आधीचं वजन, लगडीचं वजन आणि लगडीचा दोन्ही अंगांनी काढलेला टंच, हे तीन आकडे कागदावर घ्या आणि मगच व्यवहार बोला.

लग्नाला दहा वर्षं होतील. बायकोला कळू न देता अंगठी घ्यायची आहे. माप कसं घेऊ? दुकानात म्हणाले, अंदाजे १२ नंबर द्या. — ऐरोली

अंदाजे १२ म्हणजे बहुतेक वेळा परत येणारी अंगठी. आपल्याकडचा नंबर म्हणजे अंगठीच्या आतल्या घेराचे मिलिमीटर, त्यातून साधारण ४० वजा. १२ नंबरचा घेर ५२ मिलिमीटरच्या आसपास, व्यास साडेसोळा. एका नंबराने व्यास जेमतेम ०.३ मिलिमीटर बदलतो. म्हणजे पट्टीवर अर्धा मिलिमीटर चुकलात की दीड नंबर चुकलात.

तिची रोजची एक अंगठी मिळवा, पण ती कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात असते ते आधी बघून ठेवा. उजव्या-डाव्या हाताच्या त्याच बोटात फरक असतो; कामाचा हात बहुधा जाड. कागदाची सुरळी करून अंगठीत घाला, ती आपोआप फुलून अंगठीला आतून टेकेल. तिथेच चिकटपट्टी लावा, अंगठी सरकवून काढा आणि सुरळी दुकानात न्या. अंगठी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली तर बाहेरचा घेर मिळतो, तो कामाचा नाही. झोपेत बोटाला दोरा गुंडाळायचे उद्योगही नकोत. दोरा ताणतो, आणि झोपेत बोटं थोडी सुजलेलीच असतात.

अंगठी ६ मिलिमीटरहून रुंद असेल तर एक नंबर मोठी घ्या. साधी अंगठी पुढे-मागे दोन नंबरांनी वाढवता-घटवता येते. खडे पूर्ण गोलाकार बसवलेली अंगठी जवळजवळ नाहीच, तेव्हा माप नक्की नसेल तर तो प्रकार टाळा.

बांगडीकडे वळायचा विचार असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. बांगडीचं माप 'दोन-चार' म्हणजे २.४ इंच नाही. ते दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळावे भाग. दोन-चारचा आतला व्यास सव्वादोन इंच, ५७.२ मिलिमीटर. दोन-सहाचा ६०.३ आणि दोन-आठ म्हणजे चक्क अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर. २.४ दशांश समजून ६१ मिलिमीटर व्यासाची बांगडी ऑनलाइन मागवलीत तर ती दोन-सहाहूनही सैल होते आणि भांडी घासताना हातातून निसटते.

साखरपुड्यासाठी नथ आणि खड्याची अंगठी घेतली. अंगठीवर हॉलमार्क आहे, नथीवर नाही. अंगठीच्या बिलावर 'वजन ४.२ ग्रॅम' एवढंच आहे. फसलो का? — वाशी

नथीत बहुधा नाही. २ ग्रॅमहून कमी वजनाच्या सोन्याच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. नथ, चमकी, लहान बाळी, मंगळसूत्राची सुटी वाटी अशा बऱ्याच वस्तू त्यात मोडतात. कुंदन, पोलकी आणि जडावाच्या कामालाही सूट आहे. सूट असली तरी बिलावर कॅरेट लिहून देणं हे दुकानदाराचं काम आहे, तेवढं मागून घ्या.

अंगठीवर भिंगातून तीन गोष्टी दिसायला हव्यात: बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) त्रिकोणी खूण, २२के९१६ असा कॅरेट-शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या सोन्यावर एचयूआयडी असलाच पाहिजे. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कॅरेट, हॉलमार्क कुठल्या केंद्रात झाला, आणि वस्तू कोणत्या प्रकारची, हे दिसतं. शेवटचं नीट वाचा. हातात अंगठी आणि ॲपमध्ये 'कानातलं' असेल तर तो क्रमांक दुसऱ्या दागिन्याचा आहे. शुद्धता कमी भरली तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. हॉलमार्कचं शुल्क नगावर असतं, वजनावर नाही, हेही जाता जाता.

खरी खोच वजनात आहे. ४.२ ग्रॅम हे खड्यासकटचं वजन की निव्वळ सोन्याचं? खडा दीड कॅरेटचा असेल तर तो ०.३ ग्रॅमचा झाला, कारण खड्याचं कॅरेट हे वजनाचं माप, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. सोनं ३.९ ग्रॅम धरलं तर ३९,०००, मजुरी १४ टक्क्यांनी ५,४६०, खडा समजा २,५००, बेरीज ४६,९६० आणि त्यावर ३ टक्के जीएसटी मिळून ४८,३६९ रुपये. तोच खडा सोन्याच्या भावात तोलला तर सोनं ४२,०००, मजुरी ५,८८०, खड्याचे २,५०० पुन्हा वेगळे, आणि जीएसटी धरून ५१,८९१. एका बारक्या खड्याने साडेतीन हजारांचा फरक पडला, वर मजुरीही खड्यावर लागली. दुकानात परत जा आणि बिलावर एकूण वजन, खड्याचं वजन, निव्वळ वजन, कॅरेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. नीट व्यवहार केला असेल तर हे लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात.

बहीण एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे, नुकतीच सिस्टर-इन-चार्ज झाली. आम्ही भावंडं मिळून १५,००० रुपयांत काही द्यायचं म्हणतोय. अंगठी किंवा ब्रेसलेट डोक्यात आहे. — नेरूळ

दोन्ही नको. कामावर तिला हात कोपरापर्यंत मोकळे ठेवावे लागतात. अंगठीखाली जंतू राहतात, ग्लोव्हज फाटतात. तुमची भेट ड्यूटीभर लॉकरमध्ये आणि मग कायमची कपाटात पडून राहील.

या पैशांत कानातलं सर्वांत उत्तम. १५,००० मधून मजुरी आणि कर वजा जाता सव्वा ग्रॅमच्या आसपास सोनं येतं. त्यात १८ कॅरेटचे घट्ट बसणारे छोटे टॉप्स घ्या. १८ कॅरेट २२ पेक्षा टणक असतं, फिरकीचे आटे लवकर झिजत नाहीत, आणि त्याच पैशांत वजनही थोडं जास्त मिळतं: आपल्या धरलेल्या दराने ग्रॅमला ८,१९० च्या आसपास. लोंबतं काही नको, मास्कच्या नाडीत अडकतं. टॉप्सची पाठ सपाट आणि कड गुळगुळीत आहे ना, बोट फिरवून बघा. मास्कची नाडी दिवसातून वीस वेळा तिथूनच जाते.

नवऱ्याच्या अंगठीत आतल्या बाजूने आमच्या दोघांची नावं मोडीत कोरायची आहेत. दुकानात मोडी नाही म्हणतात. — घोडबंदर रोड, ठाणे

दुकानात मोडी नसण्याचं कारण साधं आहे. मोडीचा युनिकोडमध्ये समावेश २०१४ साली झाला, आणि कोरायच्या मशीनला जोडलेल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो फाँट नसतो. तुम्ही मजकूर मोबाइलवरून पाठवलात तर तिकडे नुसते चौकोन दिसतात. मजकुराऐवजी चित्र द्या: काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर मोठं लिहून स्वच्छ स्कॅन केलेलं. लेझरला ते पुरतं.

लिहून देणारा मात्र मोडी येणारा हवा. फाँटमधून देवनागरीची अक्षरं एकास एक बदलली की मोडी होते असं नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, आधी शिरोरेषा ओढून मग अक्षरं तिला लटकवतात, आणि काही अक्षरं जोडताना रूप बदलतात. ठाण्यात आणि मुंबईत मोडीचे वर्ग चालतात, तिथल्या शिक्षकांकडून नावं लिहून घेणं सर्वांत सोपं. लिहिलेलं दुसऱ्या जाणकाराला दाखवा आणि त्याने तुमचं नाव न सांगता वाचलं तरच पुढे द्या.

अक्षराची उंची दोन मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. मात्रा आणि अनुस्वार भरून येतात आणि दोन वर्षांनी त्याचा ठिपका होतो. त्यासाठी अंगठी चार मिलिमीटर तरी रुंद हवी. १७ मिलिमीटर व्यासाच्या अंगठीचा आतला घेर ५३ मिलिमीटर, त्यात हॉलमार्कलाही जागा लागते. म्हणजे दोन नावांना हात-पाय पसरायला ३५ मिलिमीटर उरले समजा. लांबलचक नावं असतील तर आद्याक्षरं आणि साल पुरे. अंगठी वाढवताना ती तळाशी, म्हणजे खड्याच्या बरोबर समोर, कापतात. मजकूर तिथे आला तर पहिल्याच दुरुस्तीत एक अक्षर जाईल. माप पक्कं झाल्यावर, पॉलिश उरकल्यावर, सर्वांत शेवटी कोरून घ्या.

भाचीचं बारसं आहे. मामाकडून वाळे-बिंदल्या द्यायच्या. काय बघून घ्यावं? — कळवा

घुंगरू नसलेले घ्या. वाजतात म्हणून आवडतात खरे, पण सहा महिन्यांचं बाळ पाय तोंडात घालतं. घुंगराची कडी बारीक तारेची, नुसती वाकवून बसवलेली असते. ती सुटते आणि घुंगरू घशात जातं. घुंगरू हवेतच असतील तर प्रत्येक कडीचं तोंड झाळून बंद केलेलं आहे का ते भिंगातून बघा.

चांदी ९२५ ची घ्या. ९९९ शुद्ध असते, पण इतकी मऊ की वाळा पिळला जातो आणि त्याची टोकं आत वळून पायाला रुततात. वाळा उघड्या तोंडाचा, मापाला सरकणारा असावा आणि दोन्ही टोकांना गोल गुंडी असावी. बाळाच्या पायात घातल्यावर तुमची करंगळी आत जायला हवी. पहिल्या वर्षात पाय झपाट्याने वाढतो, दर महिन्याला बघायला आईला सांगा. बिंदल्यांत काळे मणी ओवलेले असतील तर दोऱ्याऐवजी तारेवर गाठवून घ्या. गळ्यात दृष्टीचा काळा दोरा घालण्याची हौस असेल तर ती फोटोपुरती. झोपताना गळ्यात काही नको.

सासूबाईंचं म्हणणं, मंगळसूत्र गळ्यातच हवं. मी रोज लोकलने जाते, मला हातातलं ब्रेसलेट मंगळसूत्र हवंय. त्यासाठी वाट्या मोडाव्यात का? — खारघर

वाट्या मोडू नका. दोनपैकी एक वाटी माहेरची आणि एक सासरची मानतात. त्या दुसऱ्या कशात वितळल्या की तुमच्या घरातला वाद कायमचा सोन्यात उतरेल. ब्रेसलेट वेगळं करा, ते दीड-दोन ग्रॅमपासून होतं.

मात्र ब्रेसलेट जास्त टिकेल या समजात राहू नका. काळे मणी काचेचे असतात आणि बारीक सोन्याच्या तारेने एकमेकांत अडकवलेले. मनगट दिवसभर वळतं, टेबलावर घासतं, आणि तार वळणावरच तुटते. गळ्यात पाच वर्षं टिकणारी गाठवण मनगटावर वर्षा-दीड वर्षात ढिली पडते. तार नव्हे, साखळीच्या कड्या असलेलं घ्या, मणी मधे मधे. आणि वाट्या लहान पोतीत गाठवून सणावाराला गळ्यात घाला, बघा सासूबाई काय म्हणतात.

पहिला बोनस मिळाला. कुणाच्या आग्रहाने नाही, स्वतःसाठी घ्यायचंय. ३०,००० रुपये आहेत. गळ्यातली चेन घेऊ? — मानपाडा, ठाणे

अभिनंदन. चेन घेऊ नका. ३०,००० मध्ये मजुरी-कर जाता अडीच ग्रॅम येईल. त्यात १६ इंची चेन म्हणजे एक तर केसासारखी बारीक किंवा आतून पोकळ. पोकळ चेनची कडी दबली की सरळ होत नाही आणि झाळायला गेलं तर भोक पडतं. चेनमधे चार ग्रॅमच्या खाली उतरायचं नाही, हा आमचा ठोकताळा.

अडीच ग्रॅममध्ये कानातल्या कुड्या चांगल्या येतात. मोत्यांच्या कुड्या नऊवारीवर चालतात, ऑफिसच्या शर्टावरही. मोती बदलता येतात, सोनं तेच राहतं. फिरकी किमान तीन वेढे फिरली पाहिजे आणि दांडी कानाच्या पाळीमागे तीन मिलिमीटर तरी दिसली पाहिजे.

खाडीजवळ राहतो. चांदीचे पैंजण पंधरा दिवसांत काळे पडतात, आणि आईच्या नथीचे मोती पिवळे दिसायला लागलेत. चांदीत भेसळ आहे का? — कोपरखैरणे

काळं पडण्यावरून भेसळ ठरत नाही. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी चांदीचा संयोग होऊन काळा थर बसतो, दमट हवेत आणि घामात जास्तच. त्यात रबरबँड लावून ठेवलं तर आणखी लवकर, कारण रबरात गंधक असतं.

भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, पैंजण त्यावर टेकलेले ठेवा, एक लिटर कडकडीत पाणी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा घाला. पाच मिनिटांत काळा थर उतरतो, सडक्या अंड्याचा वास येतो. म्हणजे काम चाललंय. चांदी फॉइलला टेकलेली नसेल तर काहीच होत नाही. बहुतेकांचं तिथेच चुकतं. मुद्दाम काळं केलेलं ऑक्सिडाइज्ड काम, मीनाकाम आणि खडे चिकटवलेले दागिने यात घालू नका. टूथपेस्ट तर नकोच, चरे पडतात. कोरडं करून हवाबंद पिशवीत ठेवा.

नथीला यातलं काहीही चालत नाही. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, लिंबू, व्हिनेगर, घाम, अत्तर सगळ्यांनी खराब होतो. पावडर-अत्तर झाल्यावर सर्वांत शेवटी नथ, आणि घरी आल्यावर सर्वांत आधी उतरवायची ती नथच. ओलसर मऊ फडक्याने पुसा, सुती कापडात ठेवा. प्लॅस्टिकच्या हवाबंद डबीत वर्षानुवर्षं ठेवलेले मोती सुकून तडकतात. खूप पिवळे झालेले मोती पूर्ववत पांढरे होत नाहीत. नुसते मोती बदलून तीच नथ पुन्हा गाठवून घ्या. नवे मोती दाताच्या कडेवर हलके घासून बघा. खरखर लागली तर खरे, गुळगुळीत लागले तर काचेचे किंवा प्लॅस्टिकचे. खरे म्हणजे समुद्रातले असं नाही, शेतीचे मोतीही खरखरीतच लागतात.

मुलाला पुष्कराज घ्यायला सांगितलाय, सव्वापाच रत्ती. एके ठिकाणी आठ हजार, दुसरीकडे साठ हजार. — पाचपाखाडी, ठाणे

घालावा की नाही, हा आमचा प्रांत नाही. खड्यापुरतं सांगतो. आठ हजारांचा खडा बहुधा 'सुनेला' (सिट्रीन) असेल. तो स्फटिकाच्या जातीचा, पुष्कराज माणकाच्या जातीचा. पुष्कराजाचा कठीणपणा ९, सुनेल्याचा ७. आणि त्याच आकाराचा पुष्कराज दीडपट जड भरतो.

रत्तीचा घोळ आधी मिटवा. जुनी रत्ती, म्हणजे गुंज, ०.१२ ग्रॅमची, आणि खड्यांच्या बाजारात चालणारी ०.१८२ ग्रॅमची. सव्वापाच रत्ती एका हिशेबाने ३.२ कॅरेट, दुसऱ्याने ४.८. भाव कॅरेटमध्येच विचारा. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर 'नॅचरल' शब्द पुरेसा नाही. त्याखालची शेरा-ओळ वाचा. नुसतं तापवलेलं असेल तर ते सर्रास चालतं, भाव थोडा उतरायला हवा. बेरिलियम डिफ्यूजन (बाहेरून मुरवलेला रंग) किंवा काच भरलेली असा शेरा असेल तर तो खडा साठ हजारांचा नाही.

मुलाचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. त्याला आजोबांची भिकबाळी घालायची इच्छा आहे, कान टोचलेला नाही. — सीवूड्स

आता टोचू नका. भिकबाळी कानाच्या वरच्या कुर्चेत बसते, आणि ते भोक पुरतं भरून यायला सहा महिने ते वर्ष लागतं. पाळीचं भोकही सहा ते आठ आठवडे घेतं. पाच आठवड्यांत कान सुजलेला, आणि त्यावर फेट्याचा दाब.

आजोबांची भिकबाळी न तोडता तिला दाबाचा आकडा लावून मिळतो. सोनाराला सांगा, मूळ तार कापायची नाही, आकडा वेगळा आणि सुटा हवा, म्हणजे पुढे कान टोचला तर तीच तार वापरता येईल. मोती आणि पाचू तारेवर सैल झाले असतील तर तेही बघून घ्या. दाबाची भिकबाळी तीन-चार तासांत दुखायला लागते, तेव्हा ती सप्तपदीच्या थोडी आधी चढवा, वरातीपासून नको. फेटा आधी बांधून घ्या, कडा कानाच्या वर राहू द्यायला फेटेवाल्याला सांगा, मगच भिकबाळी. उलट केलं तर फेट्याच्या पहिल्याच वेढ्यात मोती अडकतो.